जुन्या ट्रकला पाच गियरचा बॉक्स

प्रश्न (इंदूर): चार गियरच्या जुन्या ट्रकला नवा पाच गियरचा सिंक्रोमेश (गियर बदलताना वेग आपोआप जुळवणारा) गियरबॉक्स बसवतोय. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या, क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट जुळतात. अजून काय बघू?

उत्तर १: बोल्ट जुळले म्हणजे झालं असं नाही. क्लचप्लेटच्या स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टला (क्लचमधून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याला) जुळणाऱ्या हव्यात, त्याचं टोक इंजिनाच्या बाजूला धरणारं पायलट बेअरिंगही त्याच्याच मापाचं. बेलहाउसिंगला डायल गेज लावा. रनआउट (एका फेरीत गेजचा काटा हलतो ते माप) ०.१३ मिमीच्या वर गेला तर ऑफसेट डॉवेल (मध्य जुळवणाऱ्या पिना) घाला, नाहीतर गियर सुटतो आणि बेअरिंग ओरडतं.

उत्तर २: प्रोपेलर शाफ्टचं (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचं) माप गाडी चाकांवर उभी करूनच घ्या, जॅकवर चुकतं. स्लिप योकला (शाफ्टच्या सरकत्या जोडाला) आत जायला साधारण २५ मिमी जागा ठेवा. शाफ्ट कापल्यावर बॅलन्सिंग हवंच. ट्रान्सपोर्ट नगरात विचारा.

उत्तर ३: तेल बॉक्सच्या पुस्तकातलंच. डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गियरचं) जीएल-५ प्रतीचं तेल उरलंय म्हणून ओतू नका, बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा (वेग जुळवणाऱ्या) खाऊ शकतं!