पकड वॉरंटवर भलत्याच माणसाला अटक: भरपाईच्या दाव्याची मुदत नक्की किती?

धागाकर्ता: भीमाकाठ

नमस्कार. माझ्या मामांसाठी विचारतोय. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मामा एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. साठी ओलांडली आहे, रोजचं इन्सुलिन चालू आहे.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी दोन पोलीस घरी आले. शेजारच्या तालुक्यातल्या कोर्टाचं पकड वॉरंट आहे, चेक न वटल्याची केस आहे, चला म्हणाले. मामांनी जन्मात कुणाला चेक दिलेला नाही. मामीने वॉरंट मागून वाचलं. नाव तेच, आडनाव तेच, पण वडिलांचं नाव वेगळं. आमच्या भावकीत एकाच नावाची चार-पाच माणसं सहज निघतात, त्यामुळे मधल्या नावावरच सगळा उलगडा होतो. मामांनी आधार कार्ड पुढे केलं, निवृत्तीचे कागद काढले. "काय सांगायचं ते साहेबांना सांगा." ठाण्यात साहेब नव्हते. ठाणे अंमलदारांनी आधार हातात घेऊन बघितलं आणि "उद्या कोर्टात सांगा" म्हणून लॉकअपमध्ये घातलं. रात्री मामी इन्सुलिन घेऊन गेली, तिला फाटकावरूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या कोर्टात न्यायाधीशांनी दोन्ही नावं वाचली आणि लगेच सोडायला सांगितलं. ओळख जुळत नसल्याचं रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहिलंय. नकलेसाठी अर्ज केलाय.

आता जो तो म्हणतो, सुटले ना, मग सोडून द्या. मामा सोडायला तयार नाहीत आणि मला ते पूर्ण पटतं. परवा एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं, "कशात अडकला होता?" हा माणूस चाळीस वर्षं त्या गावात मान खाली न घालता वावरलाय. चूक कुणाची होती हे कागदावर यावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. पैसे किती मिळतील हा नंतरचा प्रश्न.

एक वकील म्हणतात दाव्याला एक वर्ष मुदत आहे, दुसरे म्हणतात तीन. खरं काय? दावा त्या पोलिसांवर लावायचा की शासनावर? आणि दिवाणी कोर्ट बरं की हायकोर्ट? अडीच महिने होऊन गेलेत, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद: कोर्टाची पायरी

वकिली करतो, बहुतेक दिवाणी बाजूची. तीन वर्षं डोक्यातून काढून टाका. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या भरपाईला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ नुसार सुटकेपासून एक वर्ष मिळतं. पण तुमच्यासाठी खरी अडचण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ ची आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावायचा असेल तर तो कृत्यापासून सहा महिन्यांच्या आत. शिवाय त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस आधी द्यावी लागते, नाहीतर दावा फेटाळतात. हे कलम कुठे लागू होतं, कुठे नाही, यावर कोर्टात वाद होतात. तो वाद आपण अंगावर घ्यायचाच कशाला? सहा महिनेच धरून चाला.

शासनाला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. दोन्ही नोटिसा एकदमच पाठवा. सहातून दोन महिने वजा केले की चारच उरतात, त्यातले अडीच गेले. म्हणजे याच महिन्यात नोटिसा निघायला हव्यात. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळून मिळेल, या भरवशावर राहू नका.

दावा दोघांवरही लावा. पोलीस "आम्ही सद्भावनेने वॉरंट बजावलं" म्हणतील, अधिनियमाच्या कलम १५९ चं संरक्षण मागतील. इथे तुमची बाजू भक्कम आहे. वॉरंटवर एक मधलं नाव आणि हातातल्या आधारवर दुसरं, हे डोळ्यांसमोर असताना पुढे जाणं म्हणजे काळजी न घेणं. आणि आधार बघितलं होतं, हेच तुम्हाला सिद्ध करायचंय.

प्रतिसाद: रात्रपाळी

सीसीटीव्ही! बाकी सगळं नंतर करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि फुटेज अठरा महिने जपायला सांगितलंय, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. त्या रात्रीचं फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात आजच द्या, पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात स्टेशन डायरीतल्या त्या दिवशीच्या नोंदी मागा. माझ्या भावाच्या प्रकरणात आम्ही हे केलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. अंमलदाराने कार्ड हातात घेतलेलं त्यात दिसलं तर अर्धं काम झालं.

प्रतिसाद: माणदेशी

दिवाणी दाव्यात माणूस म्हातारा होतो. मामांचं वय बघता राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करा. घटनेपासून एक वर्षाच्या आत करता येतो, वकीलही लागत नाही.

प्रतिसाद: कोर्टाची पायरी

माणदेशी, आयोगाकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही. त्यापेक्षा रिटचा, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट हायकोर्टात करायच्या अर्जाचा, विचार करावा.

शासन दिवाणी दाव्यात अजूनही १९६५ चा कस्तुरीलाल निकाल पुढे करतं. मीरत पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, ते घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला, तरी हे सार्वभौम अधिकारातलं, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेलं काम, त्याची भरपाई लागत नाही, म्हणून शासन सुटलं. रिटमध्ये ही ढाल चालत नाही. निलाबती बेहेरा निकालात, १९९३ साली, सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याआधी १९८३ मध्ये रुदुल शाहला, जो निर्दोष सुटूनही चौदा वर्षं बिहारच्या तुरुंगात पडून होता, अशाच अर्जावर तीस हजार मिळाले आणि दिवाणी दाव्याचा मार्गही मोकळा ठेवला गेला. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झालेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख दिले, तरी त्यांचा दावा चालूच राहिला. पुढे केरळ शासनाने आणखी एक कोटी तीस लाख देऊन तो मिटवला. म्हणजे एक दार उघडलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

मात्र रिटमध्ये साक्षीपुरावे सहसा होत नाहीत, वस्तुस्थिती कागदावरच स्पष्ट लागते. तुमच्याकडे वॉरंट, आधार आणि रोजनामा आहे. इन्सुलिनचा मुद्दा मात्र पोलीस नाकारतील, तो दाव्यात साक्षीने सिद्ध करायचा. आणि आता मुंबईची वारी नाही: ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सोलापूर जिल्हा त्यातच येतो.

धागाकर्ता: भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फुटेजचा अर्ज उद्या सकाळीच देतोय. एकच शंका: घरी आलेल्या दोघांपैकी एकाचंच नाव माहीत आहे. दुसऱ्याच्या नावावाचून नोटीस काढता येते का? रोजनाम्याची नक्कलही अजून हातात नाही.

प्रतिसाद: कोर्टाची पायरी

नकलेसाठी थांबू नका. ज्याचं नाव माहीत आहे त्याला आणि ठाणे अंमलदारांना नोटीस काढा. दुसऱ्याचं नाव स्टेशन डायरीत मिळेल, मिळालं की त्याच दिवशी त्यालाही. नोटिशीत तारीख, वेळ, वॉरंटवरचं मधलं नाव, आधारवरचं मधलं नाव आणि लॉकअपमधली रात्र, सगळं तपशीलवार असू द्या, कारण कलम १६१ मध्ये पुरेशा वर्णनाची अट आहे. स्पीड पोस्टाने, नोंदणी करून, पोचपावतीसह पाठवा, आणि वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.