अनुभव धागा : घाबरट कुत्र्याची नखे न दुखवता कशी कापता?

गावाकडच्या कुत्र्याला नखे कापण्याची गरजच पडत नाही, असे सांगणारे बरेच जण भेटतात आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. दिवसभर मुरमाच्या पांदणीने फिरणाऱ्या कुत्र्याची नखे चालण्यानेच झिजतात. परंतु कापसाच्या काळ्या, मऊ जमिनीत वावरणारे, पावसाळाभर चिखलात राहणारे किंवा म्हातारपणामुळे ओसरीवर पडून असणारे कुत्रे असेल, तर नखे वाढतात. वाढलेले नख जमिनीला टेकले की बोट वरच्या बाजूला ढकलले जाते आणि कुत्र्याची चालण्याची ढब बदलते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असलेले, जमिनीला न टेकणारे नख तर सहसा झिजतच नाही. ते गोल वळत जाऊन शेवटी कातडीत रुतते.

आपल्याकडे अशा वेळी चार जण कुत्र्याला दाबून धरतात आणि पाचवा नखे कापतो. माझ्या मते कुत्र्याच्या मनात जी भीती बसते, ती नखाइतकीच त्या दाबून धरण्याची असते. म्हणून विनंती अशी की, ज्यांनी भित्र्या कुत्र्याला न दाबता हे काम केले आहे, त्यांनी स्वतः केलेले आणि पाहिलेले तेवढेच सविस्तर लिहावे.

शिक्षिका, दारव्हा तालुका (यवतमाळ)

आमची चंपी रस्त्यावरून आलेली आहे. तिच्या पायाजवळ हात नेला तरी ती खाटेखाली शिरत असे. त्यामुळे मी आधी केवळ स्पर्शाची सवय लावली. खांद्यावर हात ठेवायचा, लगेच उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. ते तिने सहज स्वीकारल्यावर कोपरापर्यंत, मग पंजापर्यंत आणि अखेरीस एकेका बोटापर्यंत मी हात नेला. यात क्रम फार महत्त्वाचा आहे : आधी स्पर्श आणि नंतर खाऊ. उलट केले, तर खाऊ दिसताच आता पाय धरणार हे कुत्रे ओळखते आणि खाऊलाच भिऊ लागते. तिने पाय ओढून घेतला की मी सोडून देत असे, कारण ओढल्यावर पाय सुटतो हा विश्वास बसल्यावर तिचे ओढणेच कमी झाले.

कटरच्या आवाजासाठी मला तुरीच्या वाळलेल्या काड्या उपयोगी पडल्या. चंपी जेवत असताना मी थोड्या अंतरावर बसून कटरने त्या काड्या कापत असे. नख कापताना होतो तसाच कट् असा आवाज होतो आणि कुत्र्याच्या अंगाला कोणी हातही लावलेला नसतो. त्यानंतर खरे नख आले, तेही एका संध्याकाळी एकच. कुत्र्याला साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी १८ नखे असतात; ती सगळी एकाच बैठकीत कापण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, चामोर्शी तालुका (गडचिरोली)

शिक्षिका ताईंनी सांगितलेली पायरी सर्वांनी मनावर घ्यावी. मी त्यापुढचे, म्हणजे प्रत्यक्ष कापण्याचे लिहितो.

नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो, त्याला दवाखान्यात क्विक म्हणतात. दुखते ते तिथेच. पांढऱ्या नखात हा गाभा गुलाबी दिसतो, त्यामुळे त्याच्या अलीकडे थोडी जागा सोडून कापणे सोपे जाते. गावठी कुत्र्यांची नखे बहुधा काळी असतात आणि त्यात बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी टोकापासून अगदी पातळ चकत्या काढाव्यात आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला पृष्ठभाग निरखावा. सुरुवातीला तो कोरडा आणि खडूसारखा दिसतो. पुढे मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की गाभा जवळ आला असे समजून तिथेच थांबावे. फार दिवस न कापलेल्या नखात गाभाही लांब वाढलेला असतो, म्हणून ते एका दमात आखूड करता येत नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फक्त टोक कापत राहिल्यास गाभा हळूहळू मागे सरकतो.

कटर धारदार असावा, ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. बोथट पात्याने नख कापले जाण्याआधी दाबले जाते आणि गाभ्याला धक्का लागला नसला तरी कुत्र्याला कळ येते. माणसांचा नेलकटर जाड नखाला चिरडतो, तो वापरू नये. पाय बाजूला ओढू नये. तो ज्या दिशेने सहज दुमडतो त्याच दिशेने आणि शक्य तितका कमी उचलावा. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतात, आणि तो नखामुळे ओरडला असे आपल्याला वाटते तेव्हा पुष्कळदा पाय उंच धरल्यामुळे ओरडलेला असतो.

रक्त आलेच, तर कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर काही मिनिटे दाबून धरावे आणि मधे मधे उचलून पाहू नये. अर्ध्या तासानेही रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा. कुत्र्याला गुंगी यावी किंवा दुखू नये म्हणून घरातली माणसांची गोळी कृपा करून देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या नेहमीच्या गोळ्यांनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. तोंड दोरीने घट्ट बांधण्याची पद्धतही सोडावी, विशेषतः उन्हाळ्यात. कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन सर्वांना ठाऊक आहे.

सुतारकाम करणारे, लाखनी तालुका (भंडारा)

आमचा राजा कटर पाहताच दात दाखवत असे, म्हणून मी कटरचा नाद सोडला. हातभर लांबीची एक फळी घेऊन तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि ती भिंतीला तिरपी टेकवून ठेवली. फळीखाली भाकरीचा तुकडा दाबला की राजा तो काढण्यासाठी पंजाने ओरबाडत असे. ओरबाडले की शाबासकी आणि तुकडा, हे त्याला लवकर उमगले आणि आता तो फळी पाहून स्वतःच येतो. पंजा कोणी धरत नाही, त्यामुळे भीतीचा प्रश्नच येत नाही. दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतात. थोडे ओरबाडणे झाले की फळी उचलावी, नाहीतर पंजाची गादी खरचटते. आणि आतले वरचे नख या फळीला लागत नाही, ते वेगळेच पाहावे लागते. मागच्या पायांसाठी मला ही युक्ती साधलेली नाही.

शेतकरी, धारणी तालुका (अमरावती)

आमच्याकडे जमीन दगडाळ आहे आणि कुत्री राखणीला रात्रभर फिरतात, त्यामुळे नखे कापावी लागत नाहीत. परंतु पाय धरू न देणारे प्रत्येक कुत्रे भित्रेच असते असे मानू नये. पावसाळा संपताना गवताची कुसळे बोटांच्या बेचक्यात घुसतात आणि आत आत जातात. कुत्रे पाय चाटत असेल आणि एकाच पायाला हात लावू देत नसेल, तर आधी बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. दुखणाऱ्या पायाला सवय लावत बसणे हा त्या जिवावर अन्याय आहे.

विद्यार्थिनी, हिंगणघाट (वर्धा)

आमच्या पॉमेरियनची नखे शहरातल्या एका दुकानात दाबून धरून कापली गेली आणि दोन नखांतून रक्त आले. त्यानंतर तो घरातल्या कात्रीलाही भिऊ लागला. दारव्ह्याच्या बाईंसारखेच आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. फरक इतकाच की आई स्टीलच्या ताटाला पातळ दह्याचा हात देऊन ते ताट त्याच्यासमोर धरते आणि तो चाटत असताना मी कानसने नख घासते. कानसने वेळ लागतो, परंतु चुकून खोल जाण्याची भीती जवळजवळ राहत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडले ते कुत्र्याचे हावभाव ओळखणे. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो किंवा एकदम ताठ होऊन निश्चल बसतो. हे ताठ बसणे पुष्कळांना शहाणपण वाटते. माझ्या मते ती त्याची सर्वांत मोठी भीती असते. असे दिसले की मी कानस बाजूला ठेवते.

गृहिणी, रिसोड तालुका (वाशीम)

आमच्या सासूबाई म्हणत, "झोपल्यावर काप वं, त्याले समजत बी नाई." दुपारी कुत्रे गाढ झोपलेले असताना एखादे नख कापले तर चालेल काय?

चामोर्शीहून पुन्हा

ताई, सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, पण हे करू नये. झोपेतून दचकलेले कुत्रे समोर कोण आहे हे न पाहता चावते, आणि त्यानंतर त्याची झोपही सावध होते. फिरून, दमून आल्यावर ते जागे पण सुस्त असते, ती वेळ बरी. कोणाला दात किंवा नखाचा ओरखडा लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जावे. कुत्रे घरचे आहे म्हणून थांबू नये. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचलेली असावी.

शेतकरी, दारव्हा तालुका (यवतमाळ)

आमच्या म्हाताऱ्या काळूचे आतले नख कातडीत रुतले आहे आणि तिथे पू दिसतो. बाईंच्या पद्धतीने सवय लावून ते घरी कापावे काय?

चामोर्शीहून

भाऊ, हे घरी कापू नका. सवय लावण्यात दिवस जातील आणि तोवर जखम वाढेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उद्याच न्या. तिथे सोय नसेल, तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुत्र्यांवर उपचार होतात. रुतलेले टोक बाहेर काढताना फार दुखते, म्हणून भूल किंवा गुंगीचे इंजेक्शन द्यावे लागू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून त्याला उपाशी आणायचे काय, हे विचारून घ्या. नेताना पायाला काही बांधू नका आणि ती जागा त्याला चाटू देऊ नका.