एलएस बदल करूनही मलेरियाची अँटिबॉडी उंदरात टिकत नाही

पाषाणकर
फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या सीएसपी या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीत, ती रक्तात जास्त टिकावी म्हणून, एलएस बदल केलाय (४२८ वर मेथिओनिनऐवजी ल्युसिन, ४३४ वर अ‍ॅस्परॅजिनऐवजी सेरीन). साध्या सी५७ जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरात ती मूळ अँटिबॉडीइतकीच टिकते, दुसऱ्या आठवड्यानंतर तर पातळी कोसळते. कुठे बघू? पुढे लहान मुलांना त्वचेखाली द्यायची आहे.

हडपसर_प्रोटीन
आधी उंदीर बदला. उंदराचा एफसीआरएन (अँटिबॉडीला पेशीत नष्ट होऊ न देता परत रक्तात सोडणारा रिसेप्टर) माणसाच्या आयजीजी अँटिबॉडीला मुळातच घट्ट धरतो, हाच बंध वाढवणाऱ्या एलएसचा फायदा दिसणार कुठून? मानवी एफसीआरएन असलेले टीजी३२ उंदीर घ्या. पातळी कोसळते ती बहुधा उंदराने मानवी प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी केल्यामुळे. रॅग१ जनुक नसलेले टीजी३२ मिळतात, ते स्वतः अँटिबॉडी करूच शकत नाहीत, त्यांत ही कटकट नाही.

एसपीआर (बंध किती घट्ट ते मोजणारी चाचणी) मात्र पेशीतल्या आणि रक्तातल्या, दोन्ही पीएचला करा. ६.० ला बंध वाढायला हवा, ७.४ ला नाही. तिथेही चिकटून राहिली तर पेशीबाहेर सुटत नाही आणि उलट लवकर संपते.

सिंहगडरोड
फॅबकडेही (अँटिबॉडीचा लक्ष्याला धरणारा भाग) बघा. धन भाराचे पट्टे असले की ती कुठेही चिकटते आणि एफसी (एफसीआरएन धरतो तो भाग) कितीही सुधारा, लवकर नाहीशी होते. भलत्याच गोष्टींना चिकटते का ते एचईपी-२ या मानवी पेशी आणि कार्डिओलिपिन या मेदावर तपासा. सुरक्षिततेसाठी मानवी ऊतींच्या कापांवरची चाचणी तर लागेलच.

मांजरी_फॉर्म्युलेशन
मालीत एल९एलएस ही असाच एलएस बदल केलेली सीएसपीविरोधी अँटिबॉडी ६ ते १० वर्षांच्या मुलांना त्वचेखाली दिली होती. १५० मिग्रॅला ६७ आणि ३०० मिग्रॅला ७७ टक्के संरक्षण, सहा महिने, लक्षणं असलेल्या मलेरियापासून. १५० मिग्रॅ/मिलि साधलंत तर ३०० मिग्रॅ २ मिलित बसतात. पण त्या तीव्रतेला द्रावण घट्ट होतं: हिस्टिडिन बफर, पीएच ६ च्या आसपास, गरज पडली तर आर्जिनिन. पॉलिसॉर्बेट या स्थिर ठेवणाऱ्या घटकातल्या पेरॉक्साइडवर डोळा ठेवा. ४२८ चं मेथिओनिन गेलं तरी २५२ चं उरतंच. ते ऑक्सिडाइझ झालं की एफसीआरएनचा बंध सैल होतो. ४० अंशांवर ठेवलेल्या नमुन्याचा पेप्टाइड मॅप (प्रथिनाचे तुकडे करून बदल शोधणं) करा.

पाषाणकर
आभार. गडचिरोलीसारख्या ठिकाणी उपयोग होईल?

सिंहगडरोड
फॅल्सिपेरमपुरता. स्पोरोझॉइट (डास चावल्यावर शरीरात येणारी परजीवीची अवस्था) यकृतात शिरण्याआधीच ती अडवते, रक्तातल्या अवस्थेवर काहीच करत नाही; म्हणून आधी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन हे मलेरियाचं औषध देऊन रक्त साफ करावं लागतं. व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरिया परजीवीच्या सीएसपीतली आवर्तनं (परत परत येणारे तुकडे) वेगळी, शिवाय त्याचे हिप्नोझॉइट (सुप्त अवस्था) यकृतात आधीच दडलेले असतात.