अनुभव धागा: केमोचा दिवस, खान्देशातून

पहिल्यांदा केमोला निघालेल्या माणसाला सगळे धीर देतात, पण त्या दिवशी नेमकं काय होतं ते कोणी सांगत नाही. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्यांनी लिहा: घर सोडल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. औषधांचे सल्ले नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचं काम. सुरुवात मी करते.

धुळे, स्तनाचा कॅन्सर

रक्त आदल्या दिवशीच तपासून ठेवायचं. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या की केमो पुढे ढकलतात. गेल्या गेल्या वजन-उंची, कारण डोस त्यावर ठरतो. मग बेड मिळेपर्यंत नुसतं बसून राहायचं. अर्धा दिवस यातच जातो, पांघरूण आणि डबा सोबत ठेवा.

आधी उलटी आणि अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून औषधं देतात. त्यातलं डेक्सामेथासोन भरकन गेलं तर अवघड जागी एकदम आग होते, थोड्या वेळात थांबते. लाजेनं मला बोलता येईना. बायांनो, असं होतं. सिस्टरला सांगा, ती हळू सोडते.

मग लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. सिस्टर शेजारी बसून सिरिंजनं हळूहळू देते आणि सारखं विचारते, "ताई, जळतंय का?" हे शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. जरा चुरचुरलं तरी तिथल्या तिथे सांगायचं. आपल्याकडच्या बायांना सोसायची सवय, म्हणून मुद्दाम लिहिते. घरी आल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग.

रावेर, मोठ्या आतड्याचा

मे महिना, पारा ४४ च्या वर, आणि मला माठाचं पाणी बंद! ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर गार काही चालत नाही. एक घोट घेतला तर घशात काटे रुतल्यासारखं झालं, श्वास अडकतोय असं वाटलं. फ्रिजच्या दाराला हात लागला तरी बोटांत झिणझिण्या. घरच्यांनी माझ्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास वेगळा ठेवला. छातीत पोर्ट बसवलेला, म्हणजे कातडीखाली शिरेला जोडलेली छोटी डबी, तिला पंप जोडून घरी सोडतात, ४६ तास औषध चालू. कमरेच्या पिशवीत पंप ठेवून ओट्यावर बसायचो, केळी काढणाऱ्या मजुरांचा हिशोबही तिथूनच बघायचो.

भुसावळ, आबांच्या सोबतीला मी

तंबाखू आयुष्यभर, तोंडाचा कॅन्सर. मुंबईला परळमध्ये टाटाला नेलं, रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. त्यानं किडनीला धोका, म्हणून आधी आणि नंतर सलाईन, आणि लघवी मोजून कागदावर लिहायची. आबा संकोचायचे, "ऱ्हाऊ दे भाऊ, मी करस." पण हाताला सलाईन, करणार कसे? दिवसभर त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेला असायचो, हेही लिहून ठेवतो.

रुग्णाला उपचारासाठी जायला-यायला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबत्यालाही सवलत. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार जवळच ठेवा.

शहादा

माझा केमोचा दिवस बरा जायचा, त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ताप १००.४ झाला की क्रोसिन घेऊन झोपू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो.

धुळे

आता जेवणाचं सांगते. मला ठेचा, शेवभाजी बघवायची नाही, फोडणीच्या वासानंच मळमळायचं. तोंड आलेलं असताना मुगाची पातळ खिचडी आणि केळं तेवढं उतरायचं. जावेनं फोडणी मागच्या अंगणातल्या चुलीवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे दोन घास जायला लागले.

ज्यांना शिरा सापडत नाहीत त्यांच्यासाठी पोर्टबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. रावेरवाले भाऊ, बसवताना दुखलं का?