मदत हवी आहे : १७ ला गन्स बघून रात्रीची तुतारी मिळेल का? (अर्जंट)

बेंजो_लांजा | १३ मे २०२५, रात्री ९.१२

१७ ला गन्स बघायला जातोय. तिकीट झालंय. परतीचं तुतारी एक्सप्रेसचं रिझर्वेशनपण मार्चमध्येच काढून ठेवलंय, कन्फर्म. प्रश्न एकच. कार्यक्रम संपल्यावर दादरला वेळेत पोचता येतं का? रविवारी सकाळी मला घरी असायलाच हवं, आंब्याची शेवटची काढणी आहे आणि गडी फक्त त्याच दिवशी मिळालेत. मुंबईत राहणाऱ्यांनीच सांगा. उगाच फाटे फोडू नका.

चाकरमानी_डोंबिवली | ९.२०

कसल्या गन्स? सीमेवर आत्ताच एवढं झालंय आणि तुम्ही बंदुका बघायला निघालात? प्रदर्शन आहे का कुठे?

सुरंगी | ९.२३

गन्स अँड रोझेस हो, रॉक बँड. शनिवारी मुंबईत आहेत. पण धागाकर्ते, मैदान कुठलं ते लिहा की. दादर सगळीकडून सारखं लांब नसतं.

बेंजो_लांजा | ९.२५

मैदान सगळ्यांना माहीत आहे. रेसकोर्स.

चाकरमानी_डोंबिवली | ९.२६

पुण्याला पण आहे रेसकोर्स.

बेंजो_लांजा | ९.२८

महालक्ष्मी!! पुण्याहून कोण दादरला तुतारी पकडायला येईल?

पत्रिकेतला_मंगळ | ९.४१

कार्यक्रम नक्की होणार आहे ना पण? आयपीएल बंद ठेवलीय. ती म्हणे १७ पासूनच परत सुरू. आधी ते बघा, गाडीचं नंतर.

लोअरपरळ_जुना | ९.५५

मी तिथलाच, म्हणून उत्तर देतो. उघड्या मैदानात रात्री १० नंतर स्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालचा नियम. १२ पर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते, आणि ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रातच संपतात. त्यामुळे १० ला आवाज बंद, असं धरून चाला. रेसकोर्स ते महालक्ष्मी स्टेशन चालत. पुढे लोअर परळ, प्रभादेवी, दादर. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्या गर्दीत पाऊण-एक तास धरा. तुतारी ००.०५ ला. आरामात मिळेल. मेट्रोच्या नादाला लागू नका. ती १० तारखेपासून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आहे, पण तुम्हाला तिचा उपयोग नाही.

बेंजो_लांजा | ९.५८

धन्यवाद! हेच हवं होतं. धागा बंद करा.

२०१२चा_पोळलेला | १०.०७

१० ला बंद? गायक ऍक्सल वेळेवर येतो या गृहीतकावर? मी डिसेंबर २०१२ मध्ये बीकेसीला गेलो होतो. नाव गन्स अँड रोझेस, पोस्टरवर गन्स अँड रोझेस, आणि स्टेजवर गिटारवाला स्लॅश नाही. बेसवाला डफ नाही. दुसरा गिटारवाला इझी नाही. ऍक्सल आणि त्याची भाड्याची मंडळी. आताही जुने तिघेच, ऍक्सल, स्लॅश आणि डफ. उरलेल्या चौघांना कोण ओळखतं?

बेंजो_लांजा | १०.१५

मी ओळखतो. डिझी रीड १९९० पासून कीबोर्डवर आहे. स्लॅश १९९६ ला सोडून गेला तो २०१६ ला परत आला. मधली वीस वर्षं डिझी तिथेच होता. मग भाड्याचा कोण? रिचर्ड फॉर्टस २००२ पासून, म्हणजे जुन्या इझीपेक्षा जास्त वर्षं त्याने तिथे दुसरी गिटार वाजवलीय. मेलिसा रीस २०१६ पासून. नवीन म्हणाल तर ड्रमवाला आयझॅक कारपेंटर, तो याच वर्षी आलाय.

२०१२चा_पोळलेला | १०.१८

वर्षं मोजून कोणी मूळ सभासद होत नाही. १९८७ च्या पहिल्या अल्बमवर यांच्यातला कोण आहे?

मालवणी_गजाल | १०.३०

अरे मेल्यानू, डबलबारीक, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याक, जाताना बुवा बघून जातात. पण बुवाच्या मागे कोरस आणि पखवाज नसलो तर बुवा काय करतलो? एकटोच गजर म्हणतलो? आमच्या गावात एका बुवान पखवाजवाल्याशी भांडान नवीन पोरगो आणलो. बुवाचो आवाज तोच, पण बारी पडली ती पडलीच.

२०१२चा_पोळलेला | १०.३३

भजनाची तुलना रॉकशी? कठीण आहे.

बेंजो_लांजा | १०.४४

तुलना बरोबर आहे. मी बेंजो पार्टीत दहा वर्षं वाजवतोय. लोक नाचतात ते बेंजोच्या सुरावर, पण पाय पडतो तो कच्च्या ढोलावर. वरातीत ढोलवाला दमला की आम्ही कितीही वाजवा, नाच बसतो. स्लॅश सोलो वाजवत स्टेजभर फिरतो तेव्हा खाली फॉर्टस आणि डफ गाडा ओढत असतात. त्यांच्यासाठीच चाललोय मी. बरं, धागा बंद करा म्हटलं होतं ना?

कानसेन | १४ मे, सकाळी ७.१०

महत्त्वाचं कोणीच सांगितलं नाही, ते म्हणजे कान. १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये, असं हिशेब सांगतो. रॉक कार्यक्रम त्याच्या आसपास किंवा वरच असतो, आणि तुम्ही दोन-अडीच तास उभे राहणार. कापसाचा बोळा चालत नाही, औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात ते घ्या. चिमटीत दाबून बारीक करायचे, कान वरून मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. बेंजोवाल्यांनी तर रोजच वापरावेत. माझ्या डाव्या कानात १९९८ पासून शिट्टी वाजते आहे.

बेंजो_लांजा | ७.३०

काका, विचारलं काय, सांगताय काय.

पीएनआर_पंडित | ८.०२

सगळा धागा वाचला. तुमच्या तुतारीच्या तिकिटावर तारीख कुठली आहे?

बेंजो_लांजा | ८.०५

१७. कार्यक्रमाच्याच रात्रीची. पहिल्याच ओळीत लिहिलंय.

पीएनआर_पंडित | ८.०६

गाडी ००.०५ ला सुटते. १७ तारखेचे ००.०५ म्हणजे शुक्रवारी मध्यरात्री. तुमची गाडी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच निघून जाणार आहे.

सुरंगी | ८.०९

अरे देवा.

चाकरमानी_डोंबिवली | ८.११

दर गणपतीला आमच्या चाळीत निदान एक कुटुंब असं दादरला बॅगा घेऊन उभं असतं. मीही एकदा उभा होतो. बायको अजून काढते.

बेंजो_लांजा | ८.४०

बघितलं. खरं आहे. १८ ची बघितली तर वेटिंग ७१. आता काय करू? लवकर सांगा.

पीएनआर_पंडित | ८.५२

वेटिंगवर चढू नका. १ मेपासून वेटिंगवाल्यांना स्लीपर आणि एसी डब्यात बसूच देत नाहीत, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंग चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. आधी १७ चं तिकीट रद्द करा, थोडे पैसे तरी सुटतील. मग तत्काळ. १८ च्या तुतारीचं तत्काळ १७ ला उघडतं, एसी १० वाजता, स्लीपर ११ वाजता. कोकणकन्या त्याच रात्री २३.०५ ला सीएसएमटीहून सुटते आणि दादरला थांबते. तिच्यावर तारीख १७ येते, म्हणजे तिचं तत्काळ १६ लाच. पण ती धरायची तर शेवटची दोन-तीन गाणी सोडावी लागतील. उतरणार कुठे? रत्नागिरी?

बेंजो_लांजा | ९.००

विलवडे, लांज्याजवळचं स्टेशन. आणि गाणी सोडणार नाही.

लोअरपरळ_जुना | ९.०४

एसटी बघा. महालक्ष्मीच्या पुढचंच स्टेशन मुंबई सेंट्रल, डेपो तिथेच आहे. १० नंतर सुटणारी एखादी रातराणी मिळाली तर लांज्यात हायवेवरच उतराल.

घाटावरचा | ९.१५

स्वतःची गाडी नाही का? सहा-सात तासात पोचाल.

चाकरमानी_डोंबिवली | ९.१७

कोणत्या साली?

सुरंगी | ९.१८

हायवेचं काम २०११ पासून चाललंय. स्लॅश बँड सोडून परत आला, हायवे काही आला नाही.

२०१२चा_पोळलेला | ९.३३

हायवेवर वेगळा धागा आहे, कृपया तिकडे जा. मूळ प्रश्नाचं बघा. मी सांगतो, तिकीट विकून टाका. त्या पैशात चांगली गिटार येईल. फक्त लेस पॉल घेऊ नका, जड असते, चार किलोच्या आसपास. खांदा जातो.

बेंजो_लांजा | ९.३५

गिटार कोणी विचारली???

मालवणी_गजाल | ९.५०

माझ्याकडे ये रे. मी दादराक रवतंय. रात्री येवन झोप, सकाळची मांडवी एक्सप्रेस धर, दुपारपर्यंत घराक.

बेंजो_लांजा | ९.५२

गजालदादा, मनापासून आभार. पण दुपारी पोचून उपयोग नाही. ऊन वाढलं की गडी घळ (आंबे काढायची जाळीची काठी) खाली ठेवतात. सकाळी लवकर कलमांखाली पाहिजे.

पीएनआर_पंडित | १०.१०

एक विचारतो. मुंबईला येताय कशाने? त्या दिशेचं तिकीट तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत.

बेंजो_लांजा | १०.१२

त्याचा काय संबंध? आंब्याच्या टेम्पोने. चुलतभावाचा आहे. शुक्रवारी रात्री निघतो, पहाटे वाशी मार्केट.

पीएनआर_पंडित | १०.१३

आणि टेम्पो परत कसा जातो?

बेंजो_लांजा | १०.१५

रिकामा. म्हणजे खाली क्रेट आणि दुकानांचा थोडा माल घेऊन. पण तो दहालाच निघतो सकाळी.

सुरंगी | १०.१६

अहो!!!

चाकरमानी_डोंबिवली | १०.१६

हे आधी नाही का सांगायचं?

लोअरपरळ_जुना | १०.२४

त्याला थांबवून घ्या की. भाऊच आहे. महालक्ष्मीहून दादर, तिथून सेंट्रलने कुर्ला, मग हार्बर. सानपाड्याला उतरा, मार्केट जवळ. पनवेल लोकल बारानंतरही असते. शनिवार रात्र आहे, मेगाब्लॉक रविवारी दिवसा.

कानसेन | १०.४०

थांबवा, पण त्याला दिवसभर झोपू द्या. सलग दोन रात्री जागून गाडी चालवणारा माणूस घाटात कुठे जाईल सांगता येत नाही. आणि इअरप्लग विसरू नका.

बेंजो_लांजा | ११.३०

विचारलं. म्हणतो रविवारी भाडं नाहीये, थांबेन, पण मला पण तिकीट काढ. म्हटलं तुला एवढं परवडणार नाही. शेवटी वाशीत एक जेवण आणि डिझेलचे निम्मे यावर तुटलं. तरी सेफ्टीला तत्काळ मारून बघतो.

बेंजो_लांजा | १८ मे, दुपारी ३.४५

पोचलो. सकाळी पावणेआठला. काढणी आत्ता आवरली, म्हणून उशीर.

तत्काळचं विचारू नका. मार्केटच्या गेटवर १०.५८ ला लॉगिन करून बसलो होतो. ११.०२ ला वेटिंग.

आवाजाचं सांगतो. स्टेज लांब होतं, स्लॅश म्हणजे टोपी आणि केस एवढाच दिसत होता, बाकी पडद्यावर. मी अर्धा वेळ फॉर्टसकडे बघत होतो. सगळे स्लॅशच्या बोटांकडे बघत असताना त्याच्या उजव्या हाताचं काम चालूच. तो नसता तर सोलो नुसता हवेत लोंबकळला असता. ऍक्सलचा आवाज १९८७ चा नाही, वरच्या पट्टीत कुठे कुठे चिरकतो. साठीच्या पुढच्या माणसाकडून आणि काय पाहिजे? आमच्या बुवांचा पन्नाशीतच बसला होता. पोळलेले साहेब, यायला हवं होतंत.

इअरप्लग लावले होते, कानसेनकाका. पहिल्या गाण्याला काढून टाकले. तिसऱ्याला परत घातले.

महालक्ष्मीच्या पुलावर मुंगीसारखी माणसं, तीन लोकल सोडल्या. सानपाड्याला पोचलो तेव्हा भाऊ टेम्पोच्या केबिनमध्ये पाय बाहेर काढून घोरत होता. मी मागे क्रेटच्या मधल्या जागेत पेंढ्यावर आडवा झालो. रात्रभर पिकल्या आंब्याचा वास आणि कानात ड्रम.

सगळ्यांचे आभार. पंडितजींचे विशेष.

२०१२चा_पोळलेला | ४.१०

चिरकतो म्हणालात ना? मी तेच सांगत होतो.

पीएनआर_पंडित | ४.१२

१७ चं तिकीट रद्द केलं होतं का?

बेंजो_लांजा | ४.१५

विसरलो.

सुरंगी | ४.२०

शेवटची काढणी म्हणजे घरात आंबा असेलच. पेटी काय भावाने? डोंबिवलीपर्यंत टेम्पो येतो का?

चाकरमानी_डोंबिवली | ४.२१

डोंबिवलीला मी राहतो, तुम्ही नाही. मला पण दोन डझन हवेत.

बेंजो_लांजा | ४.४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय दोघांना. टेम्पो परत शुक्रवारी.