मदत हवी आहे: घरच्या पर्जन्यमापकात 96 मिमी, मंडळात 58. पेरू की थांबू?

काळीभोर:
औसा तालुका, जि. लातूर. भारी जमीन, चार एकर सोयाबीन. मृगाच्या तीन दिवसांच्या पावसाची घरच्या मापकातली बेरीज 96 मिमी, महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर 58. केंद्र इथून 9 किमी. मापक म्हणजे सरळ बरणी, आतला व्यास 10 सेंमी, वर 12.5 सेंमीचं नरसाळं. रोज संध्याकाळी सहाला पट्टीने पाण्याची उंची मोजून बरणी रिकामी करतो. जागा ओट्याची कड, पत्र्यापासून तीन फूट. कोणता आकडा धरू?

पागोळी:
तुमचा 96 चुकलाय. पाऊस झेलतंय साडेबाराचं नरसाळं आणि साठतोय दहाच्या बरणीत, मग पातळी फुगणारच. 10 भागिले 12.5, त्याचा वर्ग 0.64. 96 × 0.64 = 61 मिमी. पुढच्या वेळी पट्टी नको, पाणी मिलिलिटरमध्ये मोजा. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 123 चौ. सेंमी, म्हणजे 12.3 मिलि पाणी = 1 मिमी पाऊस.

सव्वाआठ:
61 आणि 58 जवळ आले म्हणून ते मापक बरोबर ठरत नाही हं. पत्र्याच्या पागोळीचे शिंतोडे आत येतात, आणि वारा पत्र्याच्या बाजूने असला तर पाऊस अडतोही. अडथळा मापकापेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्यात ठेवा, तोंड जमिनीपासून 30 सेंमीवर आणि पाणसळीत. वेळ सकाळी साडेआठ. काल साडेआठ ते आज साडेआठचा पाऊस आजच्या तारखेला लागतो. संध्याकाळी मोजलं तर रोजचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.
बाकी 9 किमीत फरक पडतोच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 74च्या आसपास, एकाच शहरात. पेरणीला आपल्या शिवारातला पाऊस धरा. अतिवृष्टीची भरपाई ठरवणाऱ्या दिवसाच्या 65 मिमीला मात्र मंडळाचाच आकडा चालतो, तिथे बरणी दाखवून उपयोग नाही.

पागोळी:
पेरणीला 75 ते 100 मिमी हवा. त्याहीपेक्षा खणून बघा. भेगाळलेल्या काळ्या रानात पहिलं पाणी भेगांतून खाली जातं, मधला ढेकूळ कोरडाच राहतो. त्यामुळे भेग सोडून, तीन-चार जागी, वीतभर खोल. एवढ्या ओलीवर पेरलं की बी फुगतं, मोड येतो आणि आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की करपतं. दुबार पेरणीचं बियाणं आणि मजुरी अंगावर.

काळीभोर:
चार जागी खणलं. वर चार बोटं ओल, खाली खडखडीत. थांबतो. अंदाजात लातूरला ‘तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’ आहे, त्यावर किती भिस्त ठेवावी?

सव्वाआठ:
‘तुरळक’ म्हणजे जिल्ह्यातल्या 25 टक्क्यांपर्यंतच केंद्रांवर. तुमचं शिवार त्यात येईलच असं नाही. ‘बहुतांश ठिकाणी’ आलं की तिफण बाहेर काढून ठेवा. पाऊस झाल्यावरही वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ द्या: मातीचा मुठीत गोळा झाला पाहिजे, कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून चिखल आहे. बी 3 ते 4 सेंमीच्या खाली घालू नका.