कोल्हापूर ते तिरुपती विमानाने नेमका किती वेळ लागतो?

गडहिंग्लजकर:
आई-बाबांना (वय ७१ आणि ७६) बालाजीला न्यायचंय. दोघांचेही गुडघे दुखतात, त्यामुळे हरिप्रिया एक्सप्रेसचं नाव काढलं की नको म्हणतात. विमानाचं बघितलं तर अंतर एके ठिकाणी साडेसहाशे किलोमीटर, दुसरीकडे नऊशेच्या वर. वेळ कुठं सव्वा तास, कुठं पावणेदोन. खरं काय धरायचं? सकाळी निघून त्याच दिवशी दर्शन होईल का?

उचगाववाला:
दोन्ही आकडे खरे आहेत, भावा. उजळाईवाडी (आपलं विमानतळ) ते रेणीगुंटा (तिरुपतीचं विमानतळ) सरळ रेघ मारली तर ६५५ किमीच्या आसपास. नऊशेवालं अंतर रेल्वेचं. हरिप्रिया मिरज, बेळगाव, हुबळी, बल्लारी, गुंतकल अशी फिरून जाते.

वेळ कुठलं विमान आहे त्यावर. पंख्याचं एटीआर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, जेट ८०० च्या. म्हणजे नुसत्या हवेतल्या अंतराला एकाला सव्वा तासाच्या वर, दुसऱ्याला पन्नासेक मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वळसा घेणं याची वीस-पंचवीस मिनिटं मिळव. तुझे सव्वा आणि पावणेदोन तिथून आले. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघ.

पण मी आईला घेऊन गेलो तेव्हा हवेतला वेळ कळलाच नाही, खालचा कळला. विमानतळ रेणीगुंट्याजवळ. तिथून तिरुपती पंधराएक किमी, मग तिरुमलाच्या डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला गाडीतून उतरून सामानाची तपासणी, मग घाट. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. वळणांवर आईनं डोळे मिटून घेतले ते वर पोचल्यावरच उघडले. उजळाईवाडीला दीड-दोन तास आधी पोचलो ते धरून दारातून तिरुमलापर्यंत सात तास गेले. रेल्वेचे वीस तासांच्या वर, तेव्हा तक्रार नाही. पण त्याच दिवशी दर्शन धरू नकोस. दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढ, रात्री म्हाताऱ्यांना झोपू दे. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांग.

बाकी आपली अंबाबाई बालाजीवर रुसून कोल्हापुरात आली, अजून नवरात्रात तिकडनं शालू येतो. तिनं हे अंतर कसं कापलं कुणास ठाऊक.

सांगलीची सून:
एक सांगते. ओटीच्या सामानात सुकं खोबरं ठेवू नका. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. सासूबाईंची बॅग उघडून वाट्या काढून घेतल्या. त्या तिथल्या पोराला म्हणाल्या, "अरे, देवाचं आहे!" पोरगं बिचारं हसलं, पण दिलं नाही. येताना लाडवांचं वजनही हिशोबात धरा.

गडहिंग्लजकर:
थेट विमान रोज दिसत नाही. हैदराबादवरून गेलो तर?

उचगाववाला:
कोल्हापूर-हैदराबाद साडेचारशेच्या आत, पुढं तिरुपती सव्वाचारशेच्या आत. दोनशे किमीचा वळसा काहीच नाही, मधली बसकण मोठी. आणि दोनदा चढ-उतार. गुडघ्यांचं बघतोयस ना? मग थेट विमानाचा वार धर आणि रजा त्याप्रमाणे टाक.

गडहिंग्लजकर:
रजा बदलली. आईला खोबऱ्याचं अजून सांगितलेलं नाही.